‘पिस्ड’ म्हणजे चिडलेला की प्यायलेला? ब्रिटनला निघालेल्या डॉक्टरांसाठी

प्रश्न थोडक्यात असा आहे. एमबीबीएस झालेली एक तरुण डॉक्टर प्लॅबच्या, म्हणजे परदेशी डॉक्टरांना ब्रिटनमध्ये काम करण्यासाठी द्याव्या लागणाऱ्या परीक्षेच्या, दुसऱ्या टप्प्यासाठी मँचेस्टरला निघाली आहे. सरावाच्या केसमध्ये डोक्याला मार लागलेला पेशंट म्हणतो, ‘आय वॉज प्रिटी पिस्ड, डॉक्टर, आय डोन्ट रिमेंबर मच.’ तिने ‘पिस्ड’चा अर्थ ‘खूप रागात’ असा घेतला आणि भांडण, घरचा ताण, राग आवरता येतो का, असे प्रश्न विचारत राहिली. मैत्रीण म्हणते, ब्रिटनमध्ये पिस्ड म्हणजे दारू प्यायलेला. शब्दकोश उघडला तर लघवीचं क्रियापद निघालं. मग खरं काय, आणि हा शब्द आपण वापरावा का?

मैत्रीण बरोबर आहे. ब्रिटनमध्ये पेशंट ‘आय वॉज पिस्ड’ म्हणाला तर तो प्यायला होता, आणि बऱ्यापैकी प्यायला होता. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तरही लगेच देते: हा शब्द पक्का समजून घ्या, पण पेशंटसमोर तोंडातून काढू नका. उत्तर इंग्लंडच्या कॅज्युअल्टीत, म्हणजे तिकडच्या ‘ए अँड ई’त, मी बरीच वर्षं काम केलं. आता तिकडे निघालेल्या डॉक्टर-नर्सना पेशंटशी बोलण्याची तयारी करून देते. या एका शब्दावरून हिस्टरी, म्हणजे पेशंटकडून काढून घ्यायची हकीकत, भलतीकडे गेलेली मी पाहिली आहे, आणि शब्द नीट समजूनही निदान हुकलेलं पाहिलं आहे. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

गोंधळ होण्याचं कारण साधं आहे. आपल्या कानावर बोली इंग्रजी पडते ती बहुतेक अमेरिकन मालिका आणि चित्रपटांतून, आणि अमेरिकेत पिस्ड म्हणजे चिडलेला, भडकलेला. ब्रिटन, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये नुसता पिस्ड म्हणजे प्यायलेला. कॅनडात दोन्ही अर्थ चालतात. मात्र ‘पिस्ड ऑफ’ म्हटलं की सगळीकडे अर्थ एकच, वैतागलेला. अमेरिकन बोलीत त्यातला ‘ऑफ’ गळून पडला आणि उरलेल्या शब्दावर रागाचा अर्थ बसला. ब्रिटनमध्ये ती जागा नशेच्या अर्थाने आधीच घेतलेली होती, त्यामुळे तिथे राग दाखवायचा तर ‘ऑफ’ जोडावाच लागतो. शाळेतल्या इंग्रजीवर विसंबून हा फरक कळणं शक्य नाही, तेव्हा त्यात कमीपणा मानू नका.

शब्दकोशातली लघवीही खोटी नाही. मूळ क्रियापद जुन्या फ्रेंचमधून मध्ययुगातच इंग्रजीत आलं आणि त्या काळी ते असभ्य मानलं जात नव्हतं. १६११ च्या किंग जेम्स बायबलमध्ये ते उघड छापलेलं आहे. पुढे सभ्य बोलण्याच्या कल्पना बदलल्या आणि शब्द बैठकीबाहेर गेला. नशेचा अर्थ छापील इंग्रजीत दिसू लागतो तो विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात. ‘पिस्ड ऑफ’ दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास सैनिकांच्या बोलीतून पसरला. म्हणजे दोन्ही अर्थ तसे अलीकडचे, पण मुळाचा असभ्यपणा दोघांनाही चिकटून राहिला आहे. आपल्या ‘टाइट’, ‘तर्र’, ‘टल्ली’ किंवा ‘टुन्न’ला मराठीत हलकेपणा आहे, पण त्यांत अवयव किंवा मलमूत्र नाही. पिस्डमध्ये ते आहे. म्हणून तो ‘फुल टाइट’इतकाच सहज वापरात असला तरी ऐकणाऱ्याच्या कानाला त्याहून एक पायरी खालचा लागतो.

वाक्यात कोणता अर्थ आहे हे ओळखायचं तर आजूबाजूचे शब्द पाहा. ‘गॉट पिस्ड’, ‘पिस्ड लास्ट नाइट’, ‘अ बिट पिस्ड’, ‘पिस्ड ऑन सायडर’ ही सगळी दारू आहे. ‘पिस्ड ऑफ विथ माय बॉस’ म्हणजे वैताग. ‘पिस्ड अ‍ॅट मी’ ऐकलंत तर बोलणारा बहुधा अमेरिकन, किंवा अमेरिकन मालिकांवर वाढलेला तरुण ब्रिटिश, आणि अर्थ राग. ‘ही पिस्ड हिमसेल्फ’ म्हणजे त्याला कपड्यांत लघवी झाली. फिट आलेल्या पेशंटच्या बायकोने हे वाक्य सांगितलं तर ते फार मोलाचं आहे, ते दारूच्या खात्यात टाकू नका. पण तेच वाक्य पुढे ‘लाफिंग’ घेऊन आलं, तर हसून हसून पुरेवाट झाली एवढाच अर्थ. ‘पिस्ड अ‍ॅज अ न्यूट’ हा नशेचा ठरीव वाक्प्रचार. न्यूट म्हणजे पाण्यात राहणारा पालीसारखा दिसणारा प्राणी. तोच का, याचा शोध घेण्यात वेळ घालवू नका, अर्थ एवढाच की माणूस पार आउट होता.

या शब्दाचं कुटुंब मोठं आहे आणि वॉर्डात त्यातले बरेच जण भेटतात. ‘ऑन द पिस’ म्हणजे प्यायला बाहेर पडलेला. ‘पिस-अप’ म्हणजे दारूची मैफल, आपण ‘बसायचं का?’ म्हणतो तसली. ‘पिसहेड’ म्हणजे बेवडा. ऑस्ट्रेलियन पेशंटच्या तोंडी नुसता ‘पिस’ हा शब्द दारूसाठी, विशेषतः बिअरसाठी येतो. ‘इट्स पिसिंग डाउन’ म्हणजे बाहेर धो धो पाऊस. ‘पीस ऑफ पिस’ म्हणजे अगदी सोपं काम. ‘पिस ऑफ’ म्हणजे चालता हो, आणि रात्रपाळीला हे तुम्हाला कोणी ना कोणी म्हणेलच.

सगळ्यात जास्त घोळ घालतो तो ‘टेकिंग द पिस’. याचे दोन अर्थ: कुणाची टर उडवणं, आणि कुणाच्या चांगुलपणाचा गैरफायदा घेणं. पाच तास खुर्चीवर बसलेला पेशंट तुम्हाला पाहून ‘यू लॉट आर टेकिंग द पिस’ म्हणाला, तर तो लघवीच्या तपासणीबद्दल बोलत नाही. ‘आमची चेष्टा लावलीये का तुम्ही?’ असं तो विचारतोय. अशा वेळी ‘युरिन सँपलबद्दल म्हणताय का?’ असं विचारणं म्हणजे आगीत तेल ओतणं. थांबावं लागल्याबद्दल साध्या शब्दांत दिलगिरी व्यक्त करा आणि पुढे जा.

आणि कधी कधी लघवी म्हणजे खरोखर लघवीच असते. ‘आय कान्ट पिस’ ही मूत्र अडकल्याची तक्रार आहे. ‘पिसिंग ब्लड’ म्हणजे लघवीतून रक्त. ‘पिसिंग लाइक अ रेसहॉर्स’ ऐकलं की साखर तपासायची. खाणकामाच्या किंवा बंदराच्या गावांतले म्हातारे याच शब्दांत त्रास सांगतात. त्यात उद्धटपणा नसतो, त्यांची रोजची भाषाच ती असते. तुम्ही भुवया उंचावल्यात तर तो माणूस पुढचं सांगणार नाही.

आता पिस्ड सोडून थोडं पलीकडे पाहू, कारण खरे वैद्यकीय सापळे त्याच्या भाऊबंदांत आहेत. इंग्रजीत नशेसाठी शब्द अमाप आहेत. १७३७ साली बेंजामिन फ्रँकलिन यांनी ‘पेनसिल्व्हेनिया गॅझेट’मध्ये प्यायलेल्या माणसासाठीचे दोनशेहून अधिक शब्दप्रयोग छापले होते. अगदी अलीकडे जर्मनीतल्या केम्नित्झच्या विद्यापीठातल्या एका संशोधिकेने आणि तिच्या सहकाऱ्याने ५४६ शब्दांची यादी केली. त्यांनी मांडलेला मुद्दा आपल्या उपयोगाचा आहे: ब्रिटिश माणूस जवळजवळ कुठल्याही नामाला ‘एड’ लावून, आधी ‘टोटली’ किंवा ‘अ‍ॅब्सोल्यूटली’ जोडून, ‘प्यायलेला’ असा अर्थ उभा करू शकतो. ट्रॉलीचं ‘ट्रॉलीड’ होतं, बागेतल्या गझीबोचं ‘गझीबोड’. त्यामुळे याद्या पाठ करून भागत नाही. ‘आय वॉज अ‍ॅब्सोल्यूटली अमुक-एड’ असा साचा कानावर आला, सोबत शनिवार रात्र असली, की अर्थ दारू धरायचा आणि विचारून खात्री करायची.

खात्री का, ते सांगते. ‘बॅटर्ड’ म्हणजे प्यायलेला, आणि ‘बॅटर्ड’ म्हणजे मार खाल्लेलाही. तरुणी म्हणाली, ‘आय गॉट बॅटर्ड ऑन सॅटरडे’, तर तिने प्यायली की तिला कोणी मारलं? चूक दोन्ही बाजूंनी महागात पडते. ‘लेगलेस’ आणि ‘पॅरलिटिक’ म्हणजे पायावर उभं राहता येणार नाही इतकं पिणं. ‘ही वॉज पॅरलिटिक’ हे मित्राचं वाक्य ऐकून पक्षाघाताच्या मागे धावू नका. पण पाय खरंच चालत नव्हते का, एकच बाजू लुळी पडली होती का, हे विचारल्याशिवाय सोडूही नका. ‘हाफ-कट’मध्ये कुठेही कापलेलं नसतं, तोही प्यायलेलाच. न्यूकॅसलकडे ‘मॉर्टल’, स्कॉटलंडमध्ये ‘स्टीमिंग’ आणि ‘ब्लूटर्ड’, आयर्लंडमध्ये ‘लॉक्ड’. हे स्थानिक शब्द पहिल्या महिन्यात तिथल्या नर्सलाच विचारावेत, ती आनंदाने सांगेल.

‘ब्लाइंड ड्रंक’ म्हणजे बेसुमार प्यायलेला, दृष्टीशी त्याचा संबंध नाही. पण पेशंट स्वतःहून म्हणत असेल की नजर धूसर झाली, डोळ्यांसमोर पांढरं पांढरं दिसतंय, तर मिथेनॉलचा, म्हणजे विषारी अल्कोहोलचा, विचार मनात आलाच पाहिजे. २०१५ मध्ये मुंबईत मालवणीला विषारी दारूने शंभरहून अधिक माणसं गेली, तेव्हा हे आपल्याला नव्याने शिकायची गरज नाही. ब्रिटनमध्ये असे पेशंट क्वचित दिसतात आणि म्हणूनच ते नजरेतून सुटू शकतात.

‘वेस्टेड’ आणि ‘ऑफ माय फेस’ यांत दारू असेल किंवा दुसरा कुठला अमली पदार्थ असेल, किंवा दोन्ही. ‘स्टोन्ड’ म्हटलं की गांजा. या बाबतीत पिस्ड हा शब्द प्रामाणिक आहे. तो जवळजवळ नेहमी फक्त दारूकडेच बोट दाखवतो. तरी ‘आणखी काही घेतलं होतं का?’ हा प्रश्न सोडायचा नाही.

आणि ‘आय ब्लॅक्ड आउट’. माझ्या मते हा सगळ्या यादीतला सर्वात धोकादायक शब्दप्रयोग. त्याचा एक अर्थ, प्यायल्यामुळे त्या रात्रीचं काही आठवत नाही, पण तेव्हा माणूस चालत-बोलत होता. दुसरा अर्थ, शुद्ध हरपून खाली पडला. पहिल्यात दारूबद्दल बोलायचं, दुसऱ्यात ईसीजी काढायचा. तुमच्या सरावातल्या पेशंटचं ‘आय डोन्ट रिमेंबर मच’ याच प्रकारचं आहे. ते दारूमुळेही असेल आणि मेंदूला बसलेल्या धक्क्यामुळेही असेल. तिथे विचारायचा प्रश्न असा: पडण्याआधीचं शेवटचं काय आठवतं आणि पडल्यानंतरचं पहिलं काय आठवतं? सोबत कोणी होतं का, आणि त्याने काय पाहिलं?

आता सभ्यतेची उतरंड. ‘हॅड अ फ्यू’, ‘मेरी’ आणि ‘टिप्सी’ हे वरचे, घरातल्या आजीसमोरही चालणारे. ‘द वर्स फॉर वेअर’ हा सौम्य आडपडदा. वर्तमानपत्री इंग्रजीत ‘टायर्ड अँड इमोशनल’ असा एक प्रयोग आहे. १९६० च्या दशकातले ब्रिटिश परराष्ट्रमंत्री जॉर्ज ब्राउन यांच्या संदर्भात ‘प्रायव्हेट आय’ या नियतकालिकाने तो रूढ केला आणि तेव्हापासून तो ‘प्यायलेला’ याचा सभ्य पर्याय झाला. डिप्रेशनचा पेशंट मात्र खरोखर टायर्ड आणि इमोशनल असतो, तेव्हा हे दोन शब्द एकत्र लिहिताना जपून. मधोमध ‘ड्रंक’. तो असभ्य नाही, पण सरळ अंगावर येणारा आहे. त्याखाली पिस्ड, आणि त्याच्याही खाली विष्ठा आणि गुदद्वारावरून बनलेले काही, जे ऐकताच कळतील.

पिस्ड नेमका किती असभ्य? ब्रिटनमध्ये प्रसारणावर देखरेख करणाऱ्या ऑफकॉमने २०१६ मध्ये शिव्या आणि असभ्य शब्दांबद्दल लोकांची मतं घेतली. त्यात पिस्ड आणि पिस्ड ऑफ हे ‘मध्यम’ गटात आले, म्हणजे ‘ब्लडी’ आणि ‘डॅम’च्या वर आणि सर्वात तीव्र शिव्यांच्या खाली. तिकडे मुलांना न चालणारे कार्यक्रम रात्री नऊनंतर दाखवायचे असा दंडक आहे, आणि असे शब्द मुख्यतः त्या वेळेनंतर ऐकू येतात. पण टीव्हीवर चालतो म्हणून तपासणीच्या खोलीत चालतो असं नाही. पेशंट तुम्हाला ‘डॉक’ म्हणून, हसत, हा शब्द वापरेल. तो मोकळा झालाय एवढंच त्यातून घ्या. परक्या उच्चारात तुम्ही तोच शब्द परत केलात तर त्याला वाटेल की तुम्ही त्याला बेवडा म्हटलंत. ब्रिटनमध्येच वाढलेला तुमचा सहकारी हा शब्द पेशंटसमोर खपवून नेताना दिसेल. त्याच्यामागे आयुष्यभराचा कान आहे. नक्कल करू नका.

मग विचारायचं कसं? ‘वेअर यू ड्रंक?’ असं विचारू नका. त्याला माणूस ‘नो’ म्हणतो, कारण त्यात आरोप ऐकू येतो. ‘हॅड यू बीन ड्रिंकिंग?’ आणि लगेच ‘हाउ मच हॅड यू हॅड?’ हे उत्तम. पेशंटने पिस्ड म्हटलं असेल तर, ‘ओके, सो यू’ड हॅड क्वाइट अ बिट टू ड्रिंक. व्हॉट वेअर यू ड्रिंकिंग?’ असं म्हणा. शब्द समजला हे त्याला कळतं, आणि तुमची भाषा तुमची राहते.

हा ‘किती?’ फार महत्त्वाचा आहे, कारण पिस्डमध्ये आकडा नसतो. एखादी मुलगी दोन ग्लास वाइनवर स्वतःला पिस्ड म्हणते आणि रोज पिणारा माणूस व्होडकाची अख्खी बाटली संपवून ‘जस्ट मेरी’ म्हणतो. दुसऱ्याला धोका जास्त आहे. त्याच्या शरीराला दारूची सवय लागली आहे आणि ती बंद झाली की त्रास सुरू होतो. शब्दावरून फक्त एवढं कळतं की पेशंटला तुमच्यासमोर कसं दिसायचं आहे. ‘पिस्ड’ म्हणणारा बहुतेकदा सांगत असतो की ती एका रात्रीची मजा होती, मी दारुडा नाही. ते खरं असेलही. तपासून पाहणं आपलं काम.

आकडा तिकडे ‘युनिट’मध्ये मोजतात. एक युनिट म्हणजे १० मिलिलिटर, वजनात ८ ग्रॅम, शुद्ध अल्कोहोल. हिशेब सोपा आहे: मिलिलिटर गुणिले टक्केवारी, भागिले १०००. चार टक्क्यांच्या बिअरचा पाइंट ५६८ मिलिलिटरचा, म्हणून साधारण २.३ युनिट. बारा टक्क्यांच्या वाइनची ७५० मिलिलिटरची बाटली ९ युनिट. चाळीस टक्क्यांच्या स्पिरिटचं २५ मिलिलिटरचं माप १ युनिट. आपल्या ओळखीच्या मापात सांगायचं तर ४२.८ टक्क्यांच्या व्हिस्कीचा ३० मिलिलिटरचा स्मॉल पेग जवळपास १.३ युनिट आणि १८० ची क्वार्टर ७.७ युनिट. २०१६ पासून ब्रिटनमधला सरकारी सल्ला असा की स्त्री असो वा पुरुष, आठवड्याला १४ युनिटपेक्षा जास्त नको, आणि तेवढी नियमित घेत असाल तर तीन किंवा अधिक दिवसांत विभागून. म्हणजे दोन क्वार्टरमध्ये आठवड्याची मर्यादा ओलांडली. हा हिशेब तुम्ही तोंडी करू शकलात तर पेशंटशी बोलणं एकदम सोपं होतं. तो ‘आठ पाइंट’ म्हणतो, तुमच्या मनात १८ युनिट येतात. शरीर तासाला साधारण एक युनिट निचरतं, त्यामुळे सकाळी सात वाजता त्याची नशा अजून उतरायची आहे हेही लक्षात येतं. आणि तो गाडी घेऊन घरी जाणार असेल तर त्याला थांबवणं तुमचं कर्तव्य आहे.

‘बिअर’ म्हटलं तर किती टक्क्यांची, ‘ग्लास’ म्हटला तर केवढा, आणि घरी स्वतः ओतून घेतली असेल तर बाटली किती दिवस पुरते, हे विचारा. घरचा पेग कधीच २५ मिलिलिटरचा नसतो. पुढे वेळ असेल तर जागतिक आरोग्य संघटनेची ‘ऑडिट’ ही दहा प्रश्नांची चाचणी घ्या. ४० पैकी ८ किंवा जास्त गुण आले तर पिणं धोक्याच्या पातळीला आहे. पेशंट भरती होणार असेल तर शेवटचा पेला किती वाजता झाला हे नक्की लिहा. हात थरथरणं सहा तासांतही सुरू होऊ शकतं, फिट पहिल्या दोन दिवसांत येते, आणि भ्रम होऊन माणूस अंथरुणातून उठून पळू लागतो ते बहुधा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी. तेव्हा वॉर्डातल्या कुणालाच आठवत नसतं की तो शनिवारी ‘पिस्ड’ होता.

आता ज्यासाठी मी एवढं लिहायला बसले ते. ब्रिटिश कॅज्युअल्टीत पूर्वी ‘पी. एफ. ओ.’ अशी अक्षरं चालत. त्यांचा विस्तार ‘पिस्ड, फेल ओव्हर’, प्यायला आणि पडला. ब्रिटिश रुग्णालयांतल्या अशा सांकेतिक बोलीवर २००३ मध्ये शोधनिबंधही छापून आला होता. फायलींवर आता हे लिहिलं जात नाही, आणि ते योग्यच आहे. पण लेखणीतून गेलेलं डोक्यातून गेलेलं नसतं. रात्री दोन वाजता ट्रॉलीवर माणूस येतो, तोंडाला वास आहे, कपाळावर टेंगूळ आहे, मित्र म्हणतात ‘ही इज जस्ट पिस्ड’. त्या ‘जस्ट’वर विश्वास ठेवायचा मोह प्रचंड असतो. समोर वीस पेशंट बसलेले असतात, आणि हा झोपला की शांतता होते.

त्या क्षणी शब्द बाजूला ठेवा आणि बोटातून रक्त काढून साखर तपासा. साखर उतरलेला माणूस अगदी दारू प्यायल्यासारखा बोलतो आणि भांडतो. दारू स्वतःही साखर उतरवते, म्हणून वास येतोय याचा अर्थ साखर ठीक आहे असा नाही. मग डोकं. डोक्याच्या दुखापतीबद्दल नाइस या, उपचार कसे करावेत हे ठरवून देणाऱ्या ब्रिटिश संस्थेचं मार्गदर्शन स्पष्ट आहे: मेंदूला मोठी इजा नाही हे ठरेपर्यंत मंद झालेली शुद्ध नशेच्या माथी मारायची नाही. दुखापतीनंतर दोन तासांनी ग्लासगो कोमा स्केल (शुद्ध मोजायचे गुण, पूर्ण शुद्धीत १५) १५ वर आलेला नसेल, एकापेक्षा जास्त उलट्या झाल्या असतील, फिट आली असेल, किंवा कवटी फुटल्याची शंका असेल, तर तासाभरात सीटी. प्यायला आहे हे सीटी न करण्याचं कारण होत नाही.

वर्षानुवर्षं पिणाऱ्यांत तर धोका दुहेरी. मेंदू आक्रसलेला असतो, त्यामुळे कवटीजवळच्या शिरा ताणलेल्या असतात आणि लहानशा धक्क्यानेही फाटतात. यकृत खराब असेल तर रक्त लवकर गोठत नाही. अशा माणसाच्या डोक्यात रक्त सावकाश साचतं, आणि तो सकाळपर्यंत ‘झोपलेला’ दिसतो. मी असे पेशंट पाहिले आहेत. त्यांना उशीर झाला तो इंग्रजी न कळल्यामुळे नाही. शब्द सगळ्यांना नीट कळला होता, आणि कळल्यावर पुढे कोणी विचारलंच नाही. म्हणून तुम्ही पिस्डचा अर्थ राग घेतलात याची मला तेवढी काळजी नाही. तो प्रश्न आज मिटला. अर्थ बरोबर घेऊन तिथेच थांबणं जास्त घातक आहे, आणि परीक्षेतल्या त्या केसमध्ये परीक्षक बहुधा तेच पाहत असतात: दारूबद्दल कळल्यावर तुम्ही डोक्याच्या दुखापतीकडे परत येता की नाही.

नोंदी कशा लिहायच्या? पेशंटचा शब्द महत्त्वाचा असेल तर अवतरणात, त्याच्या नावावर लिहा: पेशंट सांगतो, ‘पिस्ड’ होतो. त्यापुढे तुमचा आकडा: अंदाजे १८ युनिट, शेवटचा पेला रात्री साडेबारा. तुम्ही स्वतः पाहिलेलं वेगळं लिहा: तोंडाला अल्कोहोलचा वास, बोलणं अडखळतं, चाल डगमगती. ‘ड्रंक’ हा तुमचा निष्कर्ष म्हणून नको. वास हे निरीक्षण आहे, ड्रंक हा निवाडा. तिकडे पेशंटला स्वतःच्या नोंदी मागून वाचण्याचा हक्क आहे, आणि वकील व पोलीसही नंतर त्या मागवू शकतात. मारामारीत जखमी झालेल्याच्या फायलीवर डॉक्टरने सैल शब्द टाकला तर तो न्यायालयात त्याच्याविरुद्ध उभा राहू शकतो.

शेवटचा भाग, तुम्ही विचारलेला: स्वतः वापरू का? ड्युटीबाहेर, ओळखीच्या माणसांत, दोन-चार महिन्यांनी जीभ आपसूक वळेल तेव्हा वापरा, हरकत नाही. पण मुद्दाम शिकून, आपलं इंग्रजी ‘स्थानिक’ वाटावं म्हणून वापरू नका. ते कानाला लगेच खटकतं.

याच्याशी जोडलेली एक गोष्ट मुली खासगीत विचारतात म्हणून इथेच सांगते. शुक्रवारी शिफ्ट संपली की कोणीतरी म्हणेल, ‘वी आर ऑल गोइंग टू गेट पिस्ड, यू कमिंग?’ हे ऐकून दचकू नका. तुम्हालाही प्यायला लावणार असा त्याचा अर्थ नाही. ‘आमच्यात ये’ असं ते म्हणत असतात. तुम्ही पीत नसाल तर ‘आय’ड लव्ह टू कम, आय डोन्ट ड्रिंक दो’ एवढं पुरे. कारणं सांगत बसू नका, धर्म, घरचे, उपास काहीही मधे आणू नका. लाइम अँड सोडा मागवा, तो प्रत्येक पबमध्ये मिळतो आणि स्वस्त असतो. तिथे एकेकाने आळीपाळीने सगळ्यांसाठी पेय आणायची पद्धत असते, तिला ‘राउंड’ म्हणतात. तुम्ही सोडा पीत असलात तरी तुमची पाळी आली की उठून विचारा, कुणाला काय हवंय. किंवा आधीच सांगा की माझं मी घेईन. दोन्ही चालतं. पाळी टाळून बसलेला माणूस मात्र सगळ्यांच्या लक्षात राहतो.